अंबिकाची साक्ष

बाळांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर लालबागच्या एका चाळीच्या गॅलरीत उभे राहा. साल एकोणीसशे ब्याऐंशी. गिरण्यांचा संप चालू आहे. समजा, तुम्ही अकरा वर्षांची अंबिका आहात. काल दुपारी बाबांना भाकरी द्यायला तुम्ही गिरणीच्या गेटवर गेलात. एका हवालदाराने बाबांवर काठी उगारली. बाबा वाकले आणि काठी मागे उभ्या असलेल्या बसवर आदळून काच फुटली. मग "यानेच दगड मारला" म्हणून पोलीस बाबांनाच घेऊन गेले.

आज सकाळी तोच हवालदार दारात उभा आहे.

"चल गं चौकीत. बापाने दगड मारला, एवढं बोलायचं. मग तुला सोडतो."

अंबिकाची आई गंगुबाई पोरीला मागे सारून दारात आडवी उभी राहिली. "माझा चेडू खंयच जावचा नाय!"

"बाजूला हो, नायतर तुला पण नेतो!"

हवालदारामागे नवा शिपाई शिवा उभा होता. याच चाळीत वाढलेला. शेजारचा दगडू गॅलरीतून ओरडला, "काय रे शिवा, वर्दी मिळाली ती पोरी उचलायला काय?"

शिवाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "साहेब, हिला नेता येणार नाही."

"का? बहीण लागते तुझी?"

"साक्षीदार बाई असली, पोरगी असली, तर चौकीत बोलवायची नाही. तिच्या घरीच विचारायचं. कायदा आहे."

"तुझं ट्रेनिंग घाल चुलीत!"

"आणि हिच्या बाबांना, कुशाबाकाकांना, आज दुपारच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं. चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही. का धरलं तेही त्यांना सांगावं लागतं. राज्यघटनाच म्हणते तसं."

गंगुबाईचा आवाज चिरकला. "म्हंजे ह्यो आमचो हक्क? आणि रात्रभर मी चौकीच्या पायरीवर बसलंय, तर कुत्र्यासारखी हाकललात मला!"

राग येतो ना? यायलाच हवा. कायदा होता, पण तिला तो कुणी सांगितला नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता ते गप्प बसले होते.

गॅलरीत माणसं जमू लागली. हवालदाराने आत येऊन ट्रंकेवर बैठक मारली. "विचार मग हिला! आणि ते दार लाव आधी. तमाशा नको."

शिवाने दार लोटलं आणि तो अंबिकासमोर उकिडवा बसला. "अंबे, जे पाहिलंस तेवढंच सांग. मी तेच लिहीन."

अंबिका उठली. तिने दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, हवालदाराकडे बोट केलं आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काच ह्यांच्या काठीने फुटली!"