द्रौपदीचा दगड

दवाखाना पाडणार हे कळलं तेव्हा सोमा भाकरी करपवत होता. त्याची बायको द्रौपदी, तिला जाऊन वर्ष होत आलं, पण भाकरी काही त्याचं ऐकेना. शेजारच्या गोमाने दारातूनच ओरडून सांगितलं, "सोमादादा, तुमचं वेड्यांचं हॉस्पिटल गेलं! उद्या जेसीबी येतोय."

सोमाने तवा उतरवला. "आणि धुण्याचा दगड?"

चिखलोलीच्या माळावर एका डॉक्टरांनी वेड्यांचा दवाखाना काढला तेव्हा सोमा तिथे वॉर्डबॉय लागला आणि द्रौपदी कपडे धुवायला. काय दिवस होते! गॅदरिंगला पेशंट आणि नर्स एकत्र नाचायचे, वेडं कोण ते पाहुण्यांना कळायचं नाही. कपड्यांवरून भांडणं नकोत म्हणून द्रौपदी प्रत्येकाच्या कॉलरला वेगळ्या रंगाचा दोरा घालायची. पुढे डॉक्टर वारले, कुलूप लागलं. लोकांनी नळ नेले, दारं नेली, पत्रेसुद्धा नेले. दगड जड म्हणून राहिला.

भाकरी तशीच टाकून दोघं हातगाडी घेऊन निघाले. दगड गाडीवर चढवताना गोमाची पँट टर्रकन उसवली.

"गोमा, तुझं उद्घाटन झालं!" सोमा इतका हसला की दगड त्याच्याच पायावर येत होता.

"कोण आहे? भेटायची वेळ संपली!"

जुना पेशंट बुधाजी. दवाखाना बंद झाला तेव्हा त्याला घरी न्यायला कुणी आलं नाही. आता तो समोरच्या नव्या बिल्डिंगचा वॉचमन होता.

"अरे सोमा! जयभीम! दगड चोरतोस?"

"जयभीम. द्रौपदीचा आहे."

"बाईंनी मागवला? मग ने की! थांब जरा." तो पळत गेला आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन आला. "बाईंना दे. म्हणावं, लाल दोरा तुटला, नवा घाला. हल्ली माझा शर्ट दुसराच वॉचमन घालतो."

सोमाने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी उतारावर सुटली. पुढे दगड, मागे सोमा, त्याच्या मागे शिट्टी फुंकत बुधाजी आणि सगळ्यात शेवटी मागून पँट धरलेला गोमा. गाडी झुडपात अडकली तेव्हा हसून हसून कुणाला बोलताच येईना.

दगड आता कुळगावात सोमाच्या घरच्या नळाखाली आहे. त्याने बुधाजीचे कपडे त्यावर धुतले, वाळवले, कॉलरींना लाल दोरा घातला. टाके वाकडे आलेत. गाठोडं दाराशी बांधून ठेवलंय. ते द्यायचं राहिलंय, आणि द्रौपदी गेली हे बुधाजीला सांगायचंही राहिलंय.