बसथांब्यावरचे सासरे

“घ्या वहिनी, सापडले तुमचे आजोबा!”

औषधवाल्याने जिन्यातूनच आरोळी ठोकली तेव्हा सून जमिनीवर फतकल मारून बूट पुसत होती. पुरुषांचे, काळे, चकाचक, आणि सगळेच्या सगळे डाव्या पायाचे. दुकानाच्या जाहिरातीत फोटोला एकच पाय पुरतो. जोडी पाठवली तर फोटोवाला घालून फिरेल, अशी बूटवाल्याला धास्ती होती.

तिने मान वर केली. दारात सासरे उभे होते. एका हातात पावाची पिशवी, दुसरा हात कोपरापासून औषधवाल्याच्या मुठीत.

“सापडले म्हणजे? मी हरवलो कधी होतो?” सासरे हात सोडवायची खटपट करत म्हणाले.

“छे छे, कुठे हरवलात? हे काय, आलं की आपलं घर!” औषधवाला मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलत होता. मग सुनेला बाजूला घेऊन त्याने आवाज उतरवला. “घाबरू नका, वयच आहे ते. फक्त त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवत जा.”

“अहो, पण बाबा ठणठणीत आहेत!”

“सुरुवातीला घरच्यांना तसंच वाटतं,” असं म्हणून त्याने डोळे मिटले, मान हलवली आणि एखादं पुण्यकर्म उरकल्यासारखा जिना उतरून गेला.

त्या आठवड्यातला हा काही पहिला प्रकार नव्हता. न्हाव्याने दाढी झाल्यावर सासऱ्यांना खुर्चीतून उठूच दिलं नव्हतं. म्हणे, न्यायला कोणी येईपर्यंत बसा. त्याआधी कॉलेजातल्या एका मुलीने त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून दिला होता. सासऱ्यांना रस्ता ओलांडायचाच नव्हता. परत यायला त्यांना दुसरी मुलगी शोधावी लागली.

“गावाला झालंय तरी काय?” सासरे पाव ठेवता ठेवता म्हणाले. “मी बरा दिसत नाही का?”

“दिसता की,” ती म्हणाली, आणि उगाचच तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

कोडं उलगडलं ते ढब्बीने. ढब्बी म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक. गालांवरून पडलेलं नाव. संध्याकाळी जेवताना ती सहज म्हणाली, “आजोबा बसथांब्यावर पण आहेत. खूप मोठ्ठे. त्यांच्या नाकावर कावळा बसला होता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर बसथांब्यावर. ढब्बीने तिळभरही अतिशयोक्ती केलेली नव्हती. दोन माणसांच्या उंचीचे सासरे खिडकीपाशी उभे होते, तोंड किंचित उघडं, नजर कुठेतरी लांब. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘आज वार कोणता? बाबांना आठवत नाही? वेळीच आमच्याकडे आणा.’ आणि एका दवाखान्याचा फोन नंबर.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. तिच्या नवऱ्याने मात्र टाळी वाजवली.

“विकला गेला! बाबा, विकला गेला तुमचा फोटो!”

तिचा नवरा फोटोग्राफर होता. म्हणजे नक्की काय करत होता, हे कोणाला सांगताना तिला धाप लागायची. लग्नसराईत लग्नं. एरवी ओळखपत्रांचे फोटो. विकायला काढलेली घरं तो जमिनीवर पालथं पडून टिपायचा, म्हणजे कोंबडीच्या खुराड्याएवढी खोलीसुद्धा दिवाणखाना वाटते. शाळांचे वर्गफोटो. बूट, पिशव्या, प्रेशर कुकर. रविवारी त्याच्यापेक्षा महागडे कॅमेरे घेतलेल्या लोकांना तो कॅमेरा कसा धरायचा ते शिकवायचा. दिवे भाड्याने द्यायचा. जुने फाटके फोटो सांधायचा. एका बाईंच्या आग्रहावरून त्याने त्यांच्या लग्नाच्या फोटोतून नणंद काढून टाकली होती, आणि महिन्याभराने नणंद येऊन स्वतःला परत घालून घेऊन गेली. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. हा आठ दगडांवर उभा होता आणि नववा दिसला की हात टेकायचा.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” असं सासरे म्हणायचे. त्यांच्या काळी घरातल्या याच स्टुडिओत एकच धंदा होता. रंगवलेला पडदा, एक खुर्ची, आणि केस चापून बसवून आलेली माणसं. मग माणसांच्या खिशाखिशात कॅमेरे आले आणि खुर्ची रिकामी पडली.

नववा दगड म्हणजे इंटरनेटवर फोटो विकणं. कोणालाही, कशासाठीही. मॉडेलला पैसे कुठून द्यायचे, म्हणून घरचीच माणसं उभी राहायची. ढब्बी म्हणजे ‘लस टोचलेलं बाळ’. सून स्वतः ‘डोकेदुखीने हैराण गृहिणी’, आणि तो फोटो सगळ्यांत जास्त खपायचा. त्यासाठी तिला अभिनय करावा लागला नव्हता.

“पण मी त्यात काही विसरलेलो नाहीये!” सासरे बसथांब्यावर ओरडले. दोन-तीन माणसं कळवळून त्यांच्याकडे पाहू लागली. “अरे गाढवा, मी ढग बघत होतो! तू सारखा ‘काढू का, काढू का’ करत होतास. मी म्हणत होतो, थांब, ढग सरकू दे, उजेड चांगला येईल. तेवढ्यात तू बटण दाबलंस!”

“मग आलाच की चांगला उजेड.”

“खाली मजकूर काय आलाय ते बघ!”

मजकुराचं मूळही घरातच निघालं. इंटरनेटवर फोटो टाकताना त्याला शब्द जोडावे लागतात. गिऱ्हाईक तो शब्द शोधतं आणि त्याला फोटो सापडतो. शब्द जितके जास्त तितकी गिऱ्हाइकं जास्त, असा नवऱ्याचा हिशेब. त्याने म्हातारा, खिडकी, विचार, निवृत्ती, शांतता असं लिहिलं होतं आणि हात वाहता ठेवून शेवटी ‘विस्मरण’ही टाकलं होतं.

“काढून टाक तो फोटो,” ती म्हणाली.

“आता काय काढू? एकदा विकलं ते विकलं. अगं, महिन्याभरात उतरेल पाटी. थोडं हसण्यावारी न्या ना.”

हसण्यावारी न्यायला लोक तयार होतेच. शेजारच्या काकू नवऱ्याला घेऊनच आल्या. “यांचाही काढा हो. हे तर जन्मापासून हरवलेले दिसतात.” काका निमूट उभे राहिले. ओळखपत्राच्या फोटोला आलेला एक गृहस्थ सासऱ्यांच्या हातात कॅमेरा बघून म्हणाला, “चिरंजीव नाहीत का? मी थांबतो.” सासऱ्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि त्याला पंखा लावून दिला.

सुनेला हसू यायचं. पण काळजी तिच्या अंगातच होती. ढब्बी शिंकली तरी ती गुगलवर जाऊन रात्र जागवायची. आता तिचं लक्ष सासऱ्यांवर गेलं. काल त्यांनी चष्मा फ्रिजवर ठेवला होता. परवा तिला स्वतःच्या मुलीच्या नावाने हाक मारली. म्हणजे मारायचे ते लग्न झाल्यापासूनच. पण परवा दोनदा मारली. गॅस चालू राहिला तो कोणाकडून? (तो तिच्याकडूनच राहिला होता, पण हे तिला नंतर आठवलं.) वेड लागल्यासारखी ती त्यांची परीक्षा घेऊ लागली, तीही आडून आडून.

“बाबा, आज वार कोणता हो?”

“का गं? तुला माहीत नाही?”

“नाही, म्हणजे… सहजच.”

“तिकडे बसथांब्यावर दवाखान्याचा नंबर लिहिलाय बघ. मोठा आहे, चष्म्याशिवाय दिसेल,” असं म्हणून ते पेपरात घुसले. वार सांगितला नाही तो नाहीच. तिने तेही मनात नोंदवून ठेवलं.

दिवसातलं एक काम मात्र सासऱ्यांचं म्हणजे त्यांचंच. ढब्बीला बालवाडीतून आणणं. त्यासाठी ते इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि कितीतरी आधी निघायचे. येताना दोघं गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची विचारपूस करत यायचे. ढब्बी त्यांचा अंगठा धरायची. पूर्ण हात तिच्या मुठीत मावायचा नाही. स्टुडिओत आपल्याला फारसं काम उरलेलं नाही, हे ते कधी बोलून दाखवत नसत. पण तो शर्ट ते स्वतः इस्त्री करत.

त्या दिवशी ते गेले आणि थोड्याच वेळात फोन वाजला.

“ढब्बीची आई ना? मी बालवाडीतून बोलतेय. आजोबा आलेत हो न्यायला. पण आम्ही… काय झालंय, पालकांमध्ये विषय निघाला. तो बसथांब्यावरचा. तुम्ही जरा येऊन जाल का?”

ती होती तशी धावली. फाटकापाशी पोचल्यावर दिसलं ते असं: फाटक बंद. आत ढब्बी, पाठीवर दप्तर. बाहेर सासरे, सरळ ताठ, हात मागे बांधून. बाजूला घुटमळणाऱ्या पाच-सहा आया, ज्यांना आज कोणालाच घरी जायची घाई नव्हती.

“आई,” ढब्बी म्हणाली, “तू बूट का आणलास?”

तिच्या हातात पुरुषाचा एक काळा बूट होता. डाव्या पायाचा. बाईंनी बुटाकडे पाहिलं, तिच्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं, आणि या घरात नक्की कोणाला दवाखान्यात न्यायचंय असा प्रश्न त्यांना पडलेला स्पष्ट दिसला.

“कामाचा आहे,” ती बूट पाठीमागे लपवत म्हणाली. “बाई, तो फोटो नुसता फोटो आहे. माझ्या नवऱ्यानेच काढलाय. कोणीही विकत घेऊ शकतं.”

“हो हो, ते आजोबांनी सांगितलं. पण आमच्यावर जबाबदारी असते ना. तुम्ही फक्त एकदा तुमच्या तोंडाने सांगा. आजोबा ठीक आहेत ना? मुलगी त्यांच्याबरोबर सोडू ना रोज?”

केवढा सोपा प्रश्न. तिने तोंड उघडलं. आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फ्रिजवरचा चष्मा आला, दोनदा मारलेली हाक आली, रस्ता आला, रस्त्यावरचा टेम्पो आला, आणि टेम्पोसमोर ढब्बी आली.

“आहेत,” ती म्हणाली. “ठणठणीत आहेत. सोडा.”

मध्ये गेला असेल एखादा श्वास. बाईंना तो कळला नाही, आयांनाही नाही. पण सासऱ्यांनी उभं आयुष्य समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय येतंय आणि काय जातंय हे बघण्यात घालवलं होतं. ते तिच्याकडेच बघत होते. मग त्यांनी नजर वळवली आणि हसून बाईंना म्हणाले, “आता हिला वार विचारा. हिलाही येत नाही.”

सगळ्या हसल्या. फाटक उघडलं. ढब्बी पळत आली आणि नेहमीसारखा अंगठा शोधू लागली. सासऱ्यांनी हळूच तो सोडवून घेतला आणि तिचा हात आईच्या हातात दिला.

“बाबा, तुम्ही धरा ना,” ती म्हणाली.

“असू दे. तू आलीच आहेस तर धर.”

घरी येईपर्यंत ते दोन पावलं मागून चालले. कुत्र्यांची विचारपूस ढब्बीने एकटीनेच केली.

रात्री नवऱ्याने विचारलं, “बाबा गप्प का आहेत?” तिने सांगितलं. त्याने कॉम्प्युटर उघडला आणि आजोबांचे होते नव्हते तेवढे सगळे फोटो विक्रीतून काढून टाकले. त्याला ते कठीण गेलं, खपणारे होते. पण तिला ठाऊक होतं, तो श्वास तिचा होता. तो कॉम्प्युटरवरून पुसला जाणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटायची वेळ जवळ आली. सासरे साध्या शर्टात स्टुडिओतली वायर गुंडाळत बसले होते. गुंडाळून झाली की सोडवत होते आणि परत गुंडाळत होते.

“जा तू,” ते वर न बघता म्हणाले. “मला काम आहे.”

“मलाही आहे,” ती म्हणाली. “फोटोसाठी कुकर पुसायचाय. बाबा, तुम्हीच जा.”

“बाईंचा फोन येईल.”

“येऊ दे. घेईन मी.”

त्यांनी वायर आणखी एकदा गुंडाळली. मग उठले, आत गेले आणि बऱ्याच वेळाने शर्ट बदलून बाहेर आले. जिन्यावर त्यांची पावलं वाजली आणि विरली.

तिने कुकर पुसला. मग परत पुसला. खिडकी तीन पावलांवर होती. तिथून गल्लीचं टोक दिसतं. ती उठली, आणि परत खाली बसली. फोन वाजला नाही. तिने फोन उलटा करून ठेवला, मग सुलटा केला. टेम्पो जाण्याचा आवाज आला आणि तिने कुकरचं झाकण दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कुठल्याशा कुत्र्याच्या नावाने कोणीतरी हाक मारली. ती ढब्बीची असेल, नसेलही. तिने खिडकीकडे पाठ केली.

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. दोन सावकाश. दोन उड्या मारणारी.

तिने घाईघाईने फडकं उचललं. सासरे दारात आले, अंगठ्याला ढब्बी लोंबकळत.

“आलो गं आम्ही.”

“अगंबाई, झाली वेळ?” ती कुकर पुसत म्हणाली. “मला कळलंच नाही.”

त्या माणसाला चेहरे वाचता येत होते. पण तिच्या चेहऱ्याकडे न बघता ते खाली वाकले आणि नातीच्या बुटाचा बंद सोडू लागले.