पूल जवळ होता

पेन्सिल टेबलाच्या कडेवरून घरंगळली आणि फरशीवर पडली — टक्. एवढासाच आवाज, पण त्यानं दुपारची सगळी शांतता ढवळून निघाली... ती श्वास रोखून बसली. आतल्या खोलीत पलंग एकदा करकरला. भिंगरी कुशीवर वळली असणार. पाच वर्षांची पोर, झोपेतही एका जागी ठरेल तर शपथ. मग पुन्हा तो संथ श्वास. झोपली. अजून तासभर तरी मिळेल. पेन्सिल राहू दे खालीच, वाकायला गेलं तर खुर्ची वाजायची.

समोर डाव्या हाताला छापखान्यातून तपासायला आलेली पुस्तकाची शेवटची आठ पानं होती आणि उजव्या हाताला पत्रांनी टम्म फुगलेली कापडी पिशवी. साप्ताहिकात एकसष्ट आठवडे चाललेली तिची ‘टपालवाली’ ही कादंबरी गेल्या महिन्यात संपली. डोंगरातल्या वस्त्यांवर पत्रं पोचवणारी ती फटकळ, मायाळू बाई शेवटच्या भागात पुलावरून पुराच्या पाण्यात वाहून गेली, आणि वाचकांनी आकाशपाताळ एक केलं. आता तिचं पुस्तक निघत होतं. सकाळी संपादकांचा फोन आला होता.

“हे बघा, माझी जबरदस्ती नाही. पण चारला माणूस पानं न्यायला येईल. जिवंत ठेवायची असेल तर चारच्या आत ठेवा.”

चारच्या आत. जसं काही दूध फ्रीजमध्ये ठेवायचंय.

“तुम्हाला काय वाटतं?” तिनं विचारलं होतं.

“मला? लेखकानं कुणाचंही ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे,” ते म्हणाले, आणि मग जरा खोकून, “बायकोनं मात्र माझ्याशी अबोला धरलाय.”

तिनं पिशवीत हात घातला. ही पत्रं तिला पाठ झाली होती. ‘बाई, तुम्हाला काळीज आहे की दगड?’ असं एकीनं विचारलं होतं. एका गृहस्थांनी तर टपालवालीच्या वतीनं रीतसर अर्जच पाठवला होता — ‘मृत्यू मान्य नाही, सबब सोमवारपासून कामावर रुजू होत आहे.’ त्यावर ती खूप हसली होती. हसता हसता डोळ्यांत पाणी का आलं, ते तिचं तिलाही समजलं नव्हतं. पण बोटं शोधत होती ते पत्र वेगळं होतं. तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडण्याचं काम केलेल्या कुणा बाईंचं, अक्षर कसं, सुईनं टाके घातल्यासारखं —

‘भाग एकोणीस काढून बघा. तीच म्हणते की पाणी गढूळ झालं की मी पुलावर पाय ठेवत नाही, वरच्या वाटेनं जाते, दीड तास जास्त लागला तर लागला. मग त्या दिवशी ती पुलावर का गेली? चूक तिनं नाही केली. तुम्ही केलीत.’

केली. केलीच की. आणि ती कशी झाली हे जगात तिला एकटीलाच ठाऊक... तापानं फणफणलेली भिंगरी दोन रात्रींच्या रडारडीनंतर कुठे डोळा लागून पडली होती, एकसष्टावा भाग त्याच दिवशी द्यायचा होता, आणि हातात फार तर चाळीस मिनिटं होती. वरची वाट म्हणजे धुकं आलं, धनगराची झोपडी आली, तिथल्या म्हातारीशी चार शब्द आले — तीन पानं तरी हवीत, आणि तीन पानं म्हणजे दोन तास. एवढ्यात आतून कण्हल्यासारखी हाक आली, “आई...” आणि हातातलं पेन आपोआप पुलाकडे वळलं. पूल जवळ होता. टपालवालीलाही आणि तिलाही. पुढच्या चार ओळी तिनं उभ्यानंच लिहिल्या, आणि शाईच्या बोटांनीच जाऊन पोरीचं कपाळ चेपलं.

मग कुणीसं छापलं की हा शेवट अटळ होता. मुलाखतीत कुणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पहिल्या भागापासून मला ठाऊक होतं.” इतक्या सहज म्हणाली!

सासूबाई दोरीवरचे कपडे काढून आल्या आणि पायानंच स्टूल ओढून बसल्या. भिंगरी झोपलेली, म्हणून कुजबुजत म्हणाल्या, “मग? उठवतेयस का त्या बाईला?”

“काही कळत नाही, आई.”

“मला विचारशील तर राहू दे. लळा मलाही होता तिचा, दर आठवड्याला वाट बघायची मी. पण एकीला उठवून बसवलंस की बाकीच्यांनी काय पाप केलंय?” त्यांनी एक बाही हातानंच दाबून सरळ केली. “माझ्या माणसाला नाही कुणी परत लिहिलं.”

मग उठता उठता त्या म्हणाल्या, “आणि तुझ्या त्या साहेबांना म्हणावं, बायको बोलत नाही तोवर झोपून घ्या,” आणि कपड्यांचा भारा घेऊन गेल्या.

तिनं कोरा कागद ओढला. बघू तर खरं. वरची वाट... आणि नवल म्हणजे वाट सरसर उलगडत गेली. धुकं आलं, म्हातारी आली, ओले बूट दारात काढून टपालवाली चुलीशी टेकली. जगली. पान भरलं, दुसरं अर्धं झालं, आणि मग हात थांबला. ही कोण बाई? ही बुटांची काळजी घेणारी, शहाणी, जपून पाऊल टाकणारी? एकसष्ट आठवडे जिच्याशी गुजगोष्टी केल्या ती ही नव्हे. ती तर त्या दिवशी पुलावर होती, घाईत होती, आणि ती घाई खरी होती — कारण ती माझी होती. माझं पोर तापलं होतं म्हणून तिचे पाय उचलत होते. फक्त ते लिहायचं राहिलं.

म्हणजे मग... चाळिसाव्या भागात टपालवालीला एक लेक दिलीच आहे, घरी बहीण सांभाळते ती. त्या दिवशी ती आजारी होती, एवढी एकच ओळ घातली तर? आयुष्यभर पाळलेला नियम माणूस एकाच दिवशी मोडतो, तो अशाच दिवशी. शेवट बदलायला नको, पत्रातल्या बाईंना उत्तर मिळेल आणि चूक चूक राहणार नाही. तिनं समासात लिहिलं — ‘घरी पोरीच्या अंगात ताप होता.’ आणि लिहिताक्षणीच वाटलं, ही तर मागाहून केलेली सारवासारव. मुलाखतीतल्यासारखीच. का हेच पहिल्यापासून खरं होतं आणि आपल्याला आज दिसलं? तिनं ओळ खोडली. पुन्हा लिहिली. खरं आणि सोयीचं एकाच जागी येऊन उभं राहिलं की माणसानं कुणाचा हात धरायचा?

साडेतीन वाजले.

“काय करतेस?” दारात भिंगरी. गालावर उशीची घडी उमटलेली, अर्धे केस उभे. काही न विचारता ती मांडीवर चढली, उबदार आणि जड. अक्षरं तिला नुकतीच येऊ लागली होती. तिनं समासावर बोट ठेवलं. “ता... प. ताप! कुणाला ताप?”

“टपालवालीच्या मुलीला.” हे तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं, आणि कानाला ते अगदी खरं वाटलं. “म्हणून टपालवाली घाईत होती गं. लवकर घरी पोचायचं होतं तिला. म्हणून लांबच्या वाटेनं गेली नाही, पुलावरून गेली.”

“मला आलावता तसा ताप?”

“हो. अगदी तसाच.”

सुटल्यासारखं वाटलं तिला. तिनं पोरीच्या केसांत नाक खुपसलं. आता ओळ राहू द्यायची, माणूस आला की पानं द्यायची, झालं. भिंगरीचं बोट मात्र त्या ओळीवरून पुढे गेलं, मागे आलं, आणि तिथंच थांबलं.

“आई,” ती वर न बघता म्हणाली, “तिला ताप आला नसता, तर तिची आई मेली नसती ना?”