स्वयंपाकघरातली प्रत

तिने सातव्या धड्यावर पुन्हा टिचकी मारली. आवाज आलाच नाही. फाईलमध्ये फक्त एक ओळ होती: मूळ प्रत दुसरीकडे आहे.

अंध मुलांसाठी चालवलेल्या या बोलक्या पुस्तकालयात मोठमोठी रेकॉर्डिंग तीन ठिकाणी विभागून ठेवत: ऑफिस, तळघर आणि भाड्याचा सर्व्हर. जिथे रेकॉर्डिंग नसेल तिथे अशी चिठ्ठी असे. ऑफिसची चिठ्ठी तळघराकडे बोट दाखवत होती, तळघराची सर्व्हरकडे आणि सर्व्हरची पुन्हा ऑफिसकडे. धडा वाचणाऱ्या बाईंचा आवाज दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये कायमचा गेला होता. आता हा धडा गेला तर गेलाच.

"तुम्हीच पुसला असणार," ती आठवडाभर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला टोचत होती. "दुसरी प्रत आहे का, असं मशीन विचारतं आणि तुम्ही न वाचता हो म्हणता."

"एकदा नोंदी तरी बघा," तो वैतागून म्हणाला.

तिने नोंदी उघडल्या. 'दुसरी प्रत सापडत नाही. तरीही पुसायचे?' आणि पुढे उत्तर: 'जबरदस्तीने.' खातं तिचंच होतं. पुसापुशीच्या बाबतीत ती इतकी कडक, की ऑफिसात तिला सगळे 'कुलूप' म्हणत. जागा संपत आली होती, घाई होती, आणि एवढ्या एका दिवशी कुलपाने स्वतःच आपली कडी काढली होती. तिचे कान तापले.

"माझीच चूक," ती म्हणाली. "पण धडा सापडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

प्रतींच्या ठिकाणांची जुनी यादी उपसताना तळाशी चौथं ठिकाण निघालं: स्वयंपाकघर. शेवटचा संपर्क दीड वर्षापूर्वीचा. बाईंनी सगळे धडे आपल्या घरी तिथेच बसून वाचले होते. तिने पर्स उचलली.

दार बाईंच्या यजमानांनी उघडलं.

"काका, रेकॉर्डिंगचा तो लॅपटॉप अजून आहे?"

"आहे. पण कशालाही जोडायला मिळणार नाही," काका दारातच उभे राहिले. "मागे जोडला, तर म्हणतो कसा, दुसरीकडे प्रत आहे, इथली पुसू का? मी वायरच उपटली."

"फार बरं केलंत. दुसरीकडे काहीच उरलेलं नाही. मी पुसलं."

काकांनी दार आणखीच अडवलं. तेवढ्यात आतून बाई आल्या आणि त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून बाजूला केलं.

स्वयंपाकघरात लॅपटॉप जोडून ती दोन तास त्याच्यासमोरून हलली नाही; बाई शेजारी मटार सोलत बसल्या. तिन्ही ठिकाणी धडा पोचला, मूळ प्रतीशी जुळला. मग पडद्यावर तोच प्रश्न उमटला: 'तीन प्रती मिळाल्या. इथली पुसायची?' काकांचा हात वायरकडे गेला.

"थांबा," ती म्हणाली. तिने 'कधीही नाही' लिहिलं आणि ते काकांना वाचायला लावलं. मग खात्रीसाठी धडा सुरू केला.

बाईंचा आवाज खोलीभर पसरला. चार वाक्यं झाली, वाचन मध्येच थांबलं आणि लॅपटॉपमधून तोच आवाज म्हणाला,

"अहो, ते दार लावता का? बाहेरचा आवाज येतोय."

काका उठले, दार लावलं आणि परत येऊन बसले.

मटार सोलणाऱ्या बाईंनी मानसुद्धा वर केली नाही.