नेमातच्या पेपरची सकाळ

मी इजिप्तमधल्या मिन्या शहराच्या अंधशाळेतला जुना संगणक बोलतोय. ज्यांच्यावर सगळे वैतागतात आणि ज्यांच्यावाचून कुणाचं चालत नाही, अशांपैकी एक.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. तरुणपण कैरोतल्या एका बँकेत गेलं. तिथे नवी यंत्रं आली तेव्हा माझ्या डोक्यावर एक कागद चिकटवून मला या शाळेला दान केलं. दान म्हणजे त्यांना नको झालेली वस्तू, हे मला इथे आल्यावर समजलं. पण इथे माझी गाठ तफीदा अब्लाशी पडली. इथली मुलं शिक्षिकेला अब्ला म्हणतात. तफीदा अब्लाने मला पुसलं, खिडकीपासून लांब ठेवलं आणि माझ्या पाठीला ब्रेलचं छपाई यंत्र जोडलं.

ते यंत्र माझ्याहून म्हातारं. जाड कागदावर हातोड्यांनी ठिपके उठवतं. त्याच्या तारेचं टोक चांगलं रुंद आणि पिनांनी भरलेलं. तसं भोक आताच्या संगणकांना नसतं, मला आहे. म्हणून मी इथे टिकलो. मुलांचे धडे, गाण्यांच्या वह्या, भूगोलाचे नकाशे, सगळं माझ्यातून त्या यंत्रात आणि यंत्रातून मुलांच्या बोटांखाली जायचं. माणसं आपापसांत किती बोलतात आणि एकमेकांचं किती कमी ऐकतात, हेही मी त्या खोलीत पाहिलं.

सगळ्यात जास्त कागद नेमातला लागायचे. ती जन्मापासून बहिरी, आणि लहानपणीच्या तापात तिचे डोळे गेले. तिच्याशी बोलायचं तर तिच्या बोटांवर. ब्रेलचे सहा ठिपके दोन्ही हातांच्या तीन-तीन बोटांवर वाटून घ्यायचे आणि एकेक अक्षर दाबायचं. तफीदा अब्ला तिच्याशी असं तासन्‌तास बोलायची. मध्येच दोघी हसायच्या आणि बाकी खोलीला कळायचंच नाही की कशाला.

ही गोष्ट तिच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवसाची. आदल्या संध्याकाळी वीज गेली आणि धक्का देऊन परत आली. मला आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. सकाळी तफीदा अब्लाने बटण दाबलं. माझा पंखा जरासा हलला आणि थांबला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिने कपाळावरचा रुमाल मागे सारला आणि बाहेर गेली.

आली ती उस्ताद सिधोमना घेऊन. हे पदार्थविज्ञान शिकवायचे. मला मोडीत काढा, असं दरवर्षी सभेत सांगणारे हेच.

“अब्ला, या डब्याला मूठमाती द्या म्हणून मी केव्हापासून सांगतोय.”

“आधी नाडी बघा, उस्ताद. मयताची तयारी मग करा.”

“नवा लॅपटॉप आहे ना ऑफिसात?”

“त्याला हे यंत्र जोडून दाखवा, मी तुमचे पाय धरते. हिशेब सोपा आहे. पेपर दुपारच्या अजाननंतर. बाकीच्या मुलांना कुणीतरी वाचून दाखवेल. नेमातला कोण वाचून दाखवणार? बोटांवर अख्खा पेपर सांगायला परवानगी नाही. हाताने टोचायला बसले तर संध्याकाळ होईल.”

उस्तादांनी कोट काढून खुर्चीला लावला.

बाहेर बाकावर नेमातशेजारी तिचा बाप बसला होता. त्याला सगळे अम्म शहाता, म्हणजे शहाताकाका म्हणायचे. तो नदीवर होडी चालवायचा, पलीकडच्या गावातली माणसं अलीकडे आणायचा. मुलगी पास झाली तर पुढे शिकेल, वर्ष वाया गेलं तर घरी येईल, असं त्याने आधीच सांगून ठेवलेलं. दुष्ट नव्हता तो. मुलीच्या शाळेत नक्की काय चालतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. ती घरी आली की तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा. बापलेकीचं बोलणं म्हणजे तेवढंच.

उस्तादांनी भिंतीतल्या प्लगला दिवा लावून पाहिला. लागला. माझी तार बदलून पाहिली. काही नाही. मग त्यांनी माझी कूस उघडली. आत खमसीनच्या, वाळवंटातल्या गरम वाऱ्याने आणलेली धूळ घट्ट बसलेली. ती झाडताना त्यांना शिंका आल्या, पण हात थांबले नाहीत. हार्ड डिस्क सोडवली, सीडीचा खण सोडवला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या उपसल्या. एकेक अवयव टेबलावर मांडला गेला. माझं मलाच पाहवेना.

“आतलं काही वीज खात असेल तर आता तरी पंखा फिरेल,” ते म्हणाले आणि बटण दाबलं.

नाही फिरला.

मग त्यांनी माझा पॉवर सप्लाय, वीज वाटणारा तो लोखंडी डबा, सगळ्यांपासून तोडून एकटा ठेवला आणि त्याची हिरवी नि काळी तार कागदाच्या टाचणीने जोडली. एकट्यानेही तो हूं की चूं करेना. उस्तादांनी जाळीतून आत डोकावलं. “हे बघा. कपॅसिटर फुगलेत, भिजलेल्या हरभऱ्यासारखे. हा गेला.”

“आणि बाकीचा?”

“ते दुसरा जोडल्याशिवाय कसं सांगू?”

संगणकाची दुकानं दुपारी उघडणार. शाळेत माझ्या मापाचा डबा एकाच ठिकाणी होता, मुख्याध्यापिका मदाम इनशिराह यांच्या ऑफिसच्या संगणकात. आणि पेपर त्याच संगणकावर येणार होता.

मदाम दारात येऊन उभ्या राहिल्या. “उस्ताद, तुम्ही माझ्या चालत्या संगणकाचं काळीज काढून या मेलेल्यात घालणार?”

“पेपर आला की तो पेनड्राइव्हवर घेऊ. त्यानंतर.”

“आणि याच्यातल्या बिघाडाने तेही जळलं तर? खात्री आहे तुमची?”

“खात्री नाही. अंदाज आहे.”

मदाम तफीदा अब्लाकडे बघत राहिल्या. अब्ला म्हणाली, “मदाम, जळलं तर माझ्या नावावर टाका. मुलीचं वर्ष मात्र कुणाच्याच नावावर टाकता येत नाही.”

मदाम वळून गेल्या. नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत.

मग वाट पाहणं. पेपर वेळेवर यायला हवा होता, तो आला नाही. उस्ताद पुन्हा पुन्हा माझे स्क्रू मोजत बसले. तफीदा अब्लाने छपाई यंत्रात जाड कागद लावून ठेवला, काढला, परत लावला. अम्म शहाताने दारातून विचारलं, “अब्ला, होणार नसेल तर आत्ताच सांगा. मी तिला होडीतून घेऊन जातो. इथे बसून तिला तरी काय कळणार?”

“तिला सगळं कळतं, अम्म शहाता. सकाळपासून माझ्या हाताला घाम येतोय, ते तिनेच मला सांगितलं.”

अखेर मदाम स्वतः आल्या. एका हातात पेपरची छापील प्रत आणि पेनड्राइव्ह, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर. “घ्या. माझा बंद केलाय.”

परक्याचा डबा माझ्यात बसला. उस्तादांनी रॅमच्या पट्ट्या आणि बाकीचं जागेवर लावलं आणि बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबले. त्यांनी छातीवर क्रूस काढला, अब्लाने बिस्मिल्ला म्हटलं. पंखा फिरला. या वेळी फिरतच राहिला. पण पडदा काळा, आणि माझ्या तोंडून लांब, दुःखी शिट्या निघायला लागल्या. माझ्या जातीला बोलता येत नाही, दुखलं की आम्ही अशी शिटी घालतो.

“रॅम,” उस्ताद म्हणाले. आता त्यांच्या आवाजात वैताग नव्हता. त्यांनी पट्ट्या काढल्या, खोडरबराने त्यांच्या पिवळ्या दातांवरचं काळं कीट घासलं आणि एकच पट्टी लावली. लांब शिटी. ती काढून दुसरी लावली.

एक छोटी, झटकन वाजलेली शिटी. आजारी माणसाने डोळे उघडून पाणी मागावं तशी. पडद्यावर अक्षरं उमटली.

तफीदा अब्ला खुर्चीत बसली, आणि लगेच उठली. कारण अक्षरं म्हणत होती की हार्ड डिस्कच नाही. तारीखही कुठलीतरी जुनाट दाखवत होती.

“घड्याळाची बॅटरी मेली, म्हणून सगळं विसरलाय,” उस्ताद पुटपुटले. त्यांनी माझ्या सेटिंगमध्ये जाऊन मला एकेक गोष्ट पुन्हा शिकवली. तरी डिस्क दिसेना. माझं सारं शहाणपण त्या डिस्कमध्ये. ब्रेलमध्ये अक्षरं कशी फिरवायची, तेही तिथेच. उस्तादांनी तिच्यावर तळहात ठेवला. “फिरतेय. आवाज स्वच्छ आहे. हिचं काही बिघडलेलं नाही.” मग त्यांचं लक्ष तारेकडे गेलं. सीडीच्या खणाची तार काढून त्यांनी डिस्कला लावली.

आणि मला सगळं आठवलं.

पेपर उघडला, यंत्राने पहिला ठोका दिला तेव्हा मशिदीतून अजान सुरू होत होती. आता भीती विजेची. उन्हाळ्यात दुपारी ती जायची. वेळ ठरलेली, पण ती वेळ वीज पाळत नसे. मदामनी स्वतः वर्गावर्गातून पंखे बंद करायला लावले. हातोडे कागदावर पडत होते. अब्ला एकेक पान उचलून त्यावर बोटं फिरवत तपासत होती, आणि उस्ताद आलेखाची पानं आडवी धरून रेघा कुठे तुटल्यात का बघत होते.

शेवटच्या पानावर, प्रश्नाच्या अर्ध्यात, वीज गेली.

माझ्यापुरतं तिथेच संपलं. पण मी ऐकत होतो. अब्लाने हाताने ब्रेल उठवायची टोचणी आणि पाटी ओढून घेतली. “वाचा, उस्ताद. हळू. चिन्हासकट.” उस्ताद छापील प्रतीवरून वाचत गेले, ती टोचत गेली. मदाम खांद्यावरून पडताळत होत्या. एवढं झालं, आणि पानं शेजारच्या वर्गात नेमातपुढे गेली.

दार उघडंच होतं. अम्म शहाता चौकटीला टेकून उभा होता. त्याने मुलीला असं कधी पाहिलं नव्हतं.

“ती काय करतेय?” त्याने अब्लाला हळूच विचारलं.

“वाचतेय.”

“एवढ्या भराभर?”

“रोजच.”

होडीवरची माणसं खोळंबली असतील, पण तो हलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “अब्ला, ते बोटांवरचं बोलणं… माझी बोटं दोरखंडाने राठ झालीत. मला जमेल?”

“ती सांभाळून घेईल,” अब्ला म्हणाली.

नेमात पास झाली. मदामचा डबा परत त्यांच्या संगणकात गेला आणि नीट चालतोय. यंत्रासाठी तसंच भोक असलेला दुसरा संगणक कुठूनसा आला. मी मात्र उघड्या कुशीने त्याच टेबलाच्या कोपऱ्यात पडून आहे. मला मोडीत काढा, असं या वर्षी सभेत कुणी म्हणालं नाही, उस्तादही नाही.

त्याच टेबलाशी अम्म शहाता शिकायला बसतो. अक्षर चुकलं की नेमात त्याच्या हातावर चापटी मारते. परवा त्याने पहिलं पूर्ण वाक्य दाबलं. खूप वेळ लागला. शेवटी नेमात खदखदून हसली, तिने अब्लाच्या बोटांवर उत्तर दाबलं आणि अब्लाने ते त्याला सांगितलं.

त्याने विचारलं होतं, “पेपर कसा गेला?”

ती म्हणाली होती, “बाबा, निकाल लागून महिना झाला.”

वाचकहो, माझं दुखणं काय ते आता कळलेलं आहे. एक डबा, एक बॅटरी, एक तार. कुणी आणलं तर उठेन. नाही आणलं तर माझी धड पट्टी आणि शाबूत डिस्क काढून गरजवंताला द्या. आणि घरात काही बंद पडलं, तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा. निदान कुठे दुखतंय, एवढं तरी त्याला विचारा.