एक नंबर मोठा

साधनाने लेकीच्या, ईश्वरीच्या पायात एका मोज्यावर दुसरा लोकरी मोजा चढवला, तसा मॉलमधल्या बर्फाच्या पार्कात भाड्याचे बूट देणारा मुश्ताक थांबला.

“काढा तो, मॅडम. दोन मोजे घातले की आत पाय फिरतो.”

“थंडी वाजेल हो तिला. आणि एक नंबर मोठाच द्या.”

मुश्ताक हसला. “रत्नागिरीला आमची आईपण मोठेच घ्यायची. पण हे बर्फावरचे बूट. यात टाच उचलली, की घोटा गेलाच समजा.”

घोटा म्हटल्यावर साधनाने लगेच मोजा काढला. ईश्वरी मे महिन्यात इथल्या शाळेच्या जिन्यात पडली होती; इथे मे महिन्यातही शाळा असते. घोट्याचं प्लास्टर निघायला जून उजाडला. कशी पडली, ते तिने कधी धड सांगितलं नव्हतं. धावली असणार, असं साधनाने ठरवून टाकलं होतं.

मैत्रिणीच्या वाढदिवसाला आलेल्या बाकीच्या मुली काचेपलीकडे बर्फात पोचल्यासुद्धा. इथे हा तिसरा जोड. शुक्रवारची, म्हणजे इथल्या सुट्टीची गर्दी, भाड्याच्या कोटांचा ओलसर वास. साधनाला त्या बाकावरच आडवं व्हावंसं वाटत होतं.

“उभी राहा. बोटं पुढे टेकतात?” मुश्ताकने विचारलं.

“इट्स ओके.”

“टाच उचलते?”

“इट्स ओके, अंकल.”

“खलास! ओकेबिके पुरे, खरं सांग.”

त्याने बूट काढून तिचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवला. पाचही बोटं आत मुडपलेली. सरळ केली, की पुन्हा आपसूक आखडत होती.

“आय ऑल्वेज डू दॅट,” ईश्वरी म्हणाली.

“का गं?” साधनाने विचारलं.

ईश्वरीने बाकाखालच्या आपल्या रोजच्या बुटांकडे पाहिलं. “देअर इज समथिंग इन देम. यू ओन्ली सेड, काढू नकोस.”

साधनाने बूट उचलून आत हात घातला. एप्रिलमध्ये मापापेक्षा मोठे घेतलेले बूट. ढिले होऊ नयेत म्हणून तिनेच टोकाला कोंबलेला कापूस आता दगडासारखा बसला होता.

“सांगायचं नाही का, बाळा?”

“इट्स ओके, आई.”

चौथ्या जोडाच्या कड्या मुश्ताकने आवळल्या. “टाच?”

“नॉट मूव्हिंग!”

ईश्वरी खडखड करत दाराकडे निघाली. ‘धावू नकोस’ साधनाच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

ती नखाने कापूस खरवडत बसली. एक बूट रिकामा झाला. तिने दुसरा मांडीवर घेतला.