खालच्या खाचरातलं पाणी

“अरे थांब, फळी काढू नकोस!” सिल्वाना बांधावरून ओरडली. एत्तोरे दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून खाचराच्या तोंडाशी, पाणी अडवणाऱ्या फळीवर कसाबसा वाकला होता.

“आता काय झालं?”

“हंबऱ्याचं घरटं आहे. ऐन भातात. चार पिल्लं आहेत, पंखसुद्धा फुटले नाहीत.”

हा ठिपक्यांचा बगळा बैलासारखा हंबरतो, म्हणून हंबऱ्या. लीटन गावाकडच्या दलदली आटत गेल्या, तसा तो भाताच्या पाण्याला येऊन राहिला. खाचरातलं पाणी बाहेर सोडलं की कोल्हे सरळ घरट्यापर्यंत चालत जाणार, हे दोघा बहीणभावांना ठाऊक होतं. नाही सोडलं तर जमीन ओली राहणार आणि कापणीचं यंत्र रुतणार, हेही.

“कधी उडतील?”

“महिनाभर तरी लागेल.”

“आणि मध्येच पाऊस आला म्हणजे? तुझे बगळे येणारेत का कापायला?”

सिल्वाना बांधावरून हलली नाही. आईबाप गेल्यापासून दोघंच ही शेती ओढत होते. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं. एत्तोरेनं तिच्याकडे पाहिलं आणि फळी पुन्हा दाबून बसवली.

“बगळ्यांची आत्याबाई!” असं पुटपुटत तो लंगडत गाडीकडे गेला.

महिन्याभरानं पिल्लं उडाली, पण तीनच. चौथं कुठं गेलं, कळलं नाही. त्याच दिवशी पाणी सोडलं. खाचर वाळायच्या आत पाऊस आला. वाऱ्यानं पिकलेलं भात झोपवलं, यंत्र दोनदा रुतलं आणि अर्धं पीक चिखलातच राहिलं.

संध्याकाळी एत्तोरे घराच्या पायरीवर येऊन बसला.

“पुढल्या वर्षी कापूस लावू,” तो म्हणाला. “त्याला पाणी तुंबवून ठेवावं लागत नाही.”

“मग हंबऱ्या...”

“कळतंय गं मला.” त्यानं दुखरा पाय पुढं पसरला. “मीही पाहिली पिल्लं उडताना. गाडीतून. शेवटचं जरा धडपडलं, पण गेलं.”

त्यानं पाहिली असतील, असं तिला वाटलंच नव्हतं. कापसाला नाही म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्याचा गुडघा टम्म सुजला होता. ती खालच्या पायरीवर बसली, त्याची टाच मांडीवर घेतली आणि चिखलानं घट्ट धरलेला बूट हळूहळू ओढू लागली.